भोकाच्या कडा

मित्रांनो, मी पितळेचा आहे, जुना आहे आणि माझ्या अंगावर बारीक बारीक खळगे आहेत. ते आजारपणाचे नाहीत. सुईचे डोके निसटू नये म्हणून कारखान्यातच मुद्दाम पाडलेले आहेत. शिवणारा माणूस मला मधल्या बोटात टोपीसारखा घालतो आणि माझ्या डोक्याने सुई रेटतो. मला अंगुस्ताना म्हणतात. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला पाहिलेही नसेल. हरकत नाही. मीही तुम्हाला पाहिलेले नाही, त्यामुळे आपली सुरुवात बरोबरीची आहे.

माझा जन्म एका ठोक्यात झाला. सपाट पत्रा यंत्राखाली गेला, वरून दणका बसला आणि मी टोपी होऊन बाहेर पडलो. शिक्षण म्हणाल तर तेवढेच. पुढे दुकानाच्या काचेत दोन वर्षे काढली, आणि एक दिवस एका मुलीने मला विकत घेतले. तिचे लग्न एका रफूगाराशी ठरले होते. त्याने तिला अंगठी दिली, तिने त्याला अंगुस्ताना दिला, म्हणजे मला. ती अंगठी पुढे बोटाला घट्ट होऊन कपाटात जाऊन बसली. मी मात्र तीस वर्षे बोटावरच आहे. त्या मुलीला आता सगळे काकू म्हणतात आणि माझ्या रफूगाराला काका.

रफू म्हणजे ठिगळ नव्हे, हे आधी स्पष्ट करतो, कारण ठिगळ म्हटलेले काकांना खपत नाही. कोट सिगारेटने जळतो, शालीला खिळा लागतो, कसरीची कीड लोकरीत जेवून जाते. काका त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे काढतात आणि भोकाच्या जागी उभे-आडवे कापडच विणतात. नीट झालेले काम दिसत नाही. म्हणजे काकांनी आयुष्यभर जे केले ते कोणालाही दाखवता येत नाही. असा धंदा निवडायला एक विशिष्ट स्वभाव लागतो. काकांना भोक दिसले की ते भरावेसे वाटते. समोरच्या माणसाच्या मोज्याला भोक असले तर काकांचे त्याच्या बोलण्याकडे लक्ष लागत नाही.

आमच्या दुकानात चार माणसे. कापणारे मास्तर, दुकान त्यांच्याच नावावर. काजे करणाऱ्या आणि बटणे लावणाऱ्या मावशी. इस्त्रीवाला, जो तरुणपणी एका जहाजाच्या लाँड्रीत कामाला होता आणि त्या तीन वर्षांच्या जोरावर उरलेला जन्म स्वतःला कप्तान म्हणवून घेत होता. आणि काका. जुन्या दुकानाला चार खिडक्या होत्या, त्यामुळे आम्ही फार समंजस लोक होतो. मग ती इमारत पाडली. आम्ही दुसऱ्या मजल्यावरच्या एका लांबट खोलीत आलो आणि त्या खोलीला एकच खिडकी निघाली.

समंजसपणा पहिल्याच दिवशी संपला. मास्तरांना खडूची रेघ दिसायला उजेड हवा होता. मावशींना काजांसाठी हवा होता. कप्तानाला वारा हवा होता, कारण इस्त्रीजवळ उभे राहून तो स्वतःच वाळत चालला होता. काकांना तर उजेडावाचून गत्यंतरच नव्हते, कारण ट्यूबलाइटखाली सगळे काळे सारखेच काळे दिसतात आणि रफूगाराला काळ्यातले सात काळे ओळखावे लागतात. पण काका ते बोलले नाहीत. मागून घेणे त्यांना जमत नाही. आठवडाभर टेबले सरकली, पुन्हा सरकली, मावशींच्या पायावर एक चढले. शेवटी कप्तान म्हणाला, “जहाजावर असल्या भांडणांचा निकाल पोकरवर लागायचा.”

“पैसे लावून?” मावशींनी विचारले.

“पैसे कशाला? बटणं लावू. आपल्याकडं पोतंभर आहेत.”

तर नियम असा ठरला. महिन्याच्या सुरुवातीला प्रत्येकाला तीस बटणे. दर शनिवारी जेवणाच्या सुट्टीत खेळायचे. शेवटच्या शनिवारी ज्याच्याकडे सर्वांत जास्त बटणे, त्याची पुढचा महिनाभर खिडकी. खेळ सोपा होता. पाच पत्ते मिळतात. ते बघून बटणे लावायची, नको असलेले पत्ते एकदा बदलून घ्यायचे, पुन्हा बटणे लावायची. शेवटी ज्याचे पत्ते भारी, तो सगळी बटणे उचलतो. जोडी भारी, तीन सारखे त्याहून भारी, आणि पाच पत्ते लागोपाठच्या आकड्यांचे आले तर आणखी भारी. मधे केव्हाही पत्ते उपडे टाकून ‘पॅक’ म्हणता येते. तोवर लावलेली बटणे जातात, उरलेली वाचतात.

ही शेवटची सवलत काकांना कळली होती, पण पटली नव्हती.

मी बोटावर असल्यामुळे त्यांचे पत्ते मला दिसत. इतके टाकाऊ पत्ते मी कोणत्याही माणसाला इतक्या मायेने धरताना पाहिले नाही. मास्तर वाईट पत्ते आले की ताबडतोब टाकून मोकळे होत. कापणाऱ्याला टाकायची सवय असते. काकांच्या हातात पंजी, छक्की, अठ्ठी, नव्वी आली की त्यांना चार पत्ते दिसतच नसत. त्यांना मधली नसलेली सत्ती दिसे. “एकच तर भोक आहे,” असे ते मनाशी म्हणत आणि मूठभर बटणे पुढे ढकलत. एक पत्ता बदलून घेत. यायचा राजा, यायची दुर्री. सत्ती येत नसे. कप्तानाने एकदा हिशेबही समजावून सांगितला होता, “काका, तुम्ही न पाहिलेले सत्तेचाळीस पत्ते, त्यात सत्त्या चार. इतकी वाट तर आम्ही समुद्रात जमिनीचीही पाहत नव्हतो.” काकांनी मान हलवली आणि पुढच्याच डावात चौकी शोधायला निघाले.

दुसऱ्या शनिवारपर्यंत त्यांची तीसही बटणे गेलेली असत. उरलेले दोन शनिवार ते बाकीच्यांचे पत्ते पिसून देत.

यात माझाही थोडा दोष आहे, आणि तो कबूल केलेला बरा. हातात भोक असलेले पत्ते आले की काकांचे मधले बोट आपोआप टेबलावर आपटायचे. टक, टक, टक. त्या बोटावर मी होतो. आवाज माझा होता. काकांना तो कधी ऐकू आला नाही, जसे आपल्याला आपले घोरणे ऐकू येत नाही. कप्तानाला मात्र तो पहिल्या महिन्यातच ऐकू आला. तो गालातल्या गालात हसायचा आणि बटणे वाढवायचा.

असे पाच महिने गेले. खिडकी तीनदा मास्तरांकडे गेली, दोनदा कप्तानाकडे. काका दाराजवळच्या ट्यूबखाली. कामे कमी येऊ लागली आणि मी बोटापेक्षा खणात जास्त राहू लागलो. खणात माझ्या सोबतीला खडूचे तुकडे, एक बंद पडलेले घड्याळ आणि कोणीतरी ठेवलेली खोकल्याची गोळी होती. तिच्याशी बोलण्यासारखे काही नव्हते. माझी चकाकी गेली. ज्या पितळेला घाम लागत नाही ती हिरवी पडते, मित्रांनो. कामाच्या कंटाळ्याविषयी कोणी तक्रार केली तर त्याला महिनाभर खणात ठेवावे.

मग कोटाची भानगड झाली. एका वकिलाचा काळा कोट होता, खांद्याला नाण्याएवढे जळलेले. काकांनी चार दिवस खपून तो भरला. वकिलाने तो घालून बाहेर उन्हात पाऊल टाकले आणि तसाच परत जिना चढून वर आला. खांद्यावर निळा ठिपका होता. काकांनी काळा समजून गडद निळा धागा विणला होता. वीण अशी देखणी होती की त्या निळ्या ठिपक्याकडेच लक्ष जात होते.

वकील गेल्यावर मास्तर बराच वेळ कात्री पुसत राहिले. ते वाईट माणूस नव्हते. वाईट बातमी सांगताना हातात काहीतरी लागते, एवढेच.

“काका, राग मानू नका. पुढच्या महिन्यापासून रफूचं काम बाहेर पाठवू या का? तुम्ही तुरपाई करा, हुक लावा. डोळ्यांना त्रास नाही.”

“डोळे ठीक आहेत माझे. उजेड नाहीये.”

“मग खिडकी घ्या ना जिंकून. या महिन्यात घेतलीत तर राहू दे रफू. नाहीतर मला गिऱ्हाईकं सांभाळायला हवीत. नियम म्हणजे नियम.”

“आणि नियमाचे रखवालदार खिडकीत बसून राखण करतायत,” मावशी काजे करता करता म्हणाल्या. मास्तरांनी ते न ऐकल्याचे दाखवले.

मित्रांनो, तुरपाईला अंगुस्ताना लागत नाही. काकांचे रफू गेले असते तर मी खोकल्याच्या गोळीशेजारी कायमचा गेलो असतो. आणि काका? ते घरी गेले आणि काकूंना म्हणाले, “मास्तर म्हणतायत, जरा आराम करा.” काकू म्हणाल्या, “तुम्हाला आराम कुठे येतो करायला?”

नव्या महिन्याचा पहिला शनिवार अजून तीन दिवसांवर होता. त्या बुधवारी एक बाई लोकरीची शाल घेऊन आल्या. शालीला तळहाताएवढे भोक होते. काकांनी मला बोटात चढवले, शाल ट्यूबसमोर धरली. पण भोकाकडे त्यांनी पाहिलेच नाही. भोकाच्या आजूबाजूचे कापड त्यांनी माझ्या डोक्याने दाबून पाहिले, दोन बोटांत धरून हलके ताणले. कापड कोळ्याच्या जाळ्यासारखे सुटत गेले.

“ताई, हे होणार नाही.”

“अहो, तुम्ही तर मोठमोठी भोकं भरता म्हणे.”

“भोक कितीही मोठं असू दे. त्याच्या कडांना जीव हवा. तुमची शाल भोवतीनं विरलीय. मी टाका घातला तर तो कशाला धरून बसेल? भोक आणखी मोठं होईल. घडी करून ठेवा आठवण म्हणून.”

बाई गेल्या. मावशींनी सुई खाली ठेवली. मावशींनी सुई खाली ठेवणे ही आमच्या दुकानात दखल घेण्याची गोष्ट होती.

“काका, एक विचारू? ही अक्कल शनिवारी कुठे जाते तुमची?”

“म्हणजे?”

“आत्ता भोक बघितलंत की कडा?”

“कडा. पहिल्यांदा कडाच बघायच्या असतात. एवढं तर शिकाऊ पोरालाही कळतं.”

“मग पत्ते हातात आले की काय होतं तुम्हाला? नुसती भोकात नजर! पंजी, छक्की, अठ्ठी, नव्वी. आली नाही सत्ती, तर मागे उरतं काय हातात? एक साधी जोडी तरी उरते का? सगळं विरलेलंच की! त्या बिचारीची शाल परत पाठवलीत, आणि स्वतः तसलीच शाल घेऊन पाच महिने रफू करत बसलाय!”

काकांनी मला बोटातून काढले, पुन्हा घातले, पुन्हा काढले. त्यांना काही पटते आहे हे मला अशा वेळी कळते.

त्या शनिवारी पहिल्या डावात त्यांच्या हाती एकमेकांचे तोंड न बघणारे पाच पत्ते आले. काकांनी ते दाबून पाहिल्यासारखे निरखले आणि उपडे ठेवले. “पॅक.”

कप्तानाने चहाचा कप अर्ध्यावर थांबवला. “काका, बरं वाटत नाहीये का?”

पुढच्या डावातही पॅक. त्याच्या पुढच्या डावात भोक आले. मी टकटक वाजलो, बोट अडखळले, आणि तरीही पॅक. चौथ्या डावात दोन राण्या आल्या. काकांनी त्या जपून धरल्या. बदललेल्या तीन पत्त्यांत काहीच आले नाही, पण दोन राण्या होत्या तिथेच होत्या. कडा धरून होत्या. त्या दोन राण्यांनी कप्तानाची आठ बटणे आणली.

तुम्हाला वाटेल की पुढे फार थरारक घडले असेल. नाही. पत्ते टाकणे हे जगातले सर्वांत कंटाळवाणे शौर्य आहे. कोणी टाळ्या वाजवत नाही. काका दहातले सात डाव टाकायचे आणि बाकीच्यांचे भांडण बघत भाकरी खायचे. मास्तर आणि कप्तान एकमेकांची बटणे ओरबाडायचे. मावशींचे पत्ते चांगले असले की त्या गुणगुणायच्या, त्यामुळे तेव्हा त्यांच्यासमोर कोणी बटणे लावत नसे. चौथ्या शनिवारी शेवटच्या डावाला बसताना काकांपुढे त्रेचाळीस बटणे होती, मास्तरांपुढे तेहतीस, कप्तानापुढे तीस आणि मावशींपुढे चौदा.

प्रत्येकाने एकेक बटण मधे टाकले. मास्तरांनी पत्ते वाटले. काकांनी पत्त्यांचा पंखा उघडला.

पंजी, छक्की, अठ्ठी, नव्वी. आणि एक परका गुलाम.

मी ताठ राहण्याचा प्रयत्न केला. पण मी टोपी आहे, डोके माझे नाही. टक. टक, टक.

कप्तानाने डोळे बारीक केले. मग त्याने आपली एकोणतीसच्या एकोणतीस बटणे दोन्ही तळव्यांनी मधे लोटली.

“पॅक,” मावशी म्हणाल्या. “मेल्या, इतका माज कशाचा?”

“पॅक,” मास्तर म्हणाले. त्यांच्या आवाजात पुढच्या महिन्याची खिडकी सुटल्याचे दुःख होते.

राहिले काका. आता त्यांनी हा डाव खेळायचे ठरवले आणि हरले, तर खिडकी कप्तानाची, रफू बाहेरच्याचे, मी खणाचा. पत्ते टाकले तर एक बटण जाणार होते. एवढा सरळ हिशेब होता. पण माणूस तीस वर्षे भोके भरतो तेव्हा त्याच्या बोटांना वेगळे डोळे फुटतात आणि त्यांना हिशेब कळत नाही. बोट तापले होते. मला आतून ते कळत होते. टेबलावर कोणी हलत नव्हते. इस्त्री एकटीच सुसकारत होती.

“काका,” कप्तान मऊ आवाजात म्हणाला, “मधला एकच पत्ता हवाय ना? या वेळी येईल बघा. पाच महिने आला नाही, कुठवर रुसेल?”

काकांनी पत्ते डोळ्यांजवळ नेले. सत्ती नसलेल्या जागेकडे त्यांनी क्षणभर पाहिले, आणि मग त्यांची नजर हळूहळू सरकली. पंजीकडे. छक्कीकडे. अठ्ठीकडे, नव्वीकडे. गुलामाकडे. एकही दुसऱ्याला धरून नव्हता.

“विरलंय,” काका म्हणाले.

“काय?”

“पॅक.”

त्यांनी पत्ते उपडे ठेवले, आणि मित्रांनो, माझा जीव भांड्यात पडला. काकांनी इतका लांब श्वास सोडला की समोरची खडूची भुकटी मास्तरांच्या चष्म्यावर गेली. मावशी आधी हसल्या, मग पदराने डोळे टिपू लागल्या, आणि आपण हसतो आहोत की रडतो आहोत यावर स्वतःशीच चिडल्या.

कप्तानाने मधली चार बटणे ओढून घेतली. त्याची तेहतीस झाली. काकांची बेचाळीस. तो आ वासून काकांच्या हाताकडे बघत होता.

“पण तुम्ही तर वाजवत होतात!”

“काय वाजवत होतो?”

“ते टोपडं! भोक असलं की तुम्ही ठोकता ना त्यानं! पाच महिने ठोकताय!”

काकांनी बोटातल्या माझ्याकडे पाहिले. मी कुठे तोंड लपवू? माझे तोंडच त्यांच्या बोटावर होते.

“आणि तू पाच महिने ऐकतोयस?” काका म्हणाले. “एकदा सांगितलं असतंस.”

“समुद्रावर असं कोणी सांगत नाही, काका,” कप्तान म्हणाला, पण त्याचे कान लाल झाले होते. मग त्याने हात लांब केला. “बरं, गड्डीतला पुढचा पत्ता बघू या तरी. सत्ती होती का ते कळेल.”

काकांनी मला गड्डीवर दाबून धरले. “नको.”

“अहो, नुसतं बघायचं!”

“नको म्हटलं ना. उद्या सत्ती निघाली तर मी महिनाभर खिडकीत बसून तीच बघत राहीन. मला दुसरी कामं आहेत.”

काकांनी गड्डी पिसून टाकली. त्या पत्त्यावर मी स्वतः बसलो होतो आणि तो कोणता होता हे मलाही ठाऊक नाही. मला त्याचे काही वाटत नाही.

सोमवारी टेबले सरकली. मास्तरांनी स्वतः काकांचे टेबल उचलून लावले आणि लावताना, “उजेडाचं काय, थोडा मलाही येतोच की इथून,” असे पुटपुटले. कप्तानाने खिडकीचा गंजलेला अडसर तेल घालून सैल केला. काकांनी रिळांची पेटी उघडली आणि काळी रिळे ओळीने मांडली. सातही काळे निराळे दिसत होते. पहिल्या फटक्यात सुईत दोरा गेला. ती पूर्ण सकाळ मी सुई रेटत होतो, घामाने न्हात होतो, आणि इतका सुखी मी पहिल्या वर्षीही नव्हतो.

शुक्रवारी एक शिक्षिका आपला राखाडी कोट न्यायला आल्या. त्यांनी कोपर उजेडात धरले, उलटे केले, सुलटे केले, चष्मा काढून पाहिले, लावून पाहिले. मग वैतागून म्हणाल्या, “अहो, तुम्ही काम केलंच नाहीये की काय? भोक कुठे होतं तेसुद्धा सापडत नाही!”

काका म्हणाले, “मलाही सापडत नाहीये, बाई.” आणि कोट कागदात गुंडाळून दिला.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. तुमच्या घरी एखादा अंगुस्ताना, कात्री, पाना, जे काही आजीआजोबांच्या हातचे असेल, ते खणात खोकल्याच्या गोळ्यांबरोबर टाकू नका. काम झाले की पुसून ठेवा. आणि काम होणार नसेल, कापडाच्या कडाच विरलेल्या असतील, तर तसे सांगून हात मोकळा करा. त्यात कमीपणा नाही. मोकळ्या हाताला पुढचे काम येते. मला हे उशिरा कळले, काकांना पाच महिन्यांनी कळले. तुम्ही शहाणी मुले आहात, तुम्हाला बहुधा लवकर कळेल.

आता मला थांबायला हवे. काकांनी सुई ओवली आहे आणि बोट पुढे केले आहे.